वैशाखात टिटवी अंडी थंड कशी ठेवते?

उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी संपली, पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडं) उपटून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर रचली, वखरणी उरकली की विदर्भातलं वावर पार उघडं पडतं. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, लागायच्या आधीच पारा ४४-४५ अंशांवर जातो. माणसं दुपारच्या आत घर गाठतात. त्याच काळ्या ढेकळांत, तसूभर सावली नसताना, टिटवी मात्र अंड्यांवर असते.

अंडी उबवायची ती ऊब देण्यासाठी, असं आपण धरून चालतो. बहुतेक पक्ष्यांच्या अंड्यातला जीव ३७-३८ अंशांच्या आसपास नीट वाढतो. तापमान चाळिशीच्या बरंच वर जाऊन तिथेच राहिलं तर तो दगावतो. त्यात काळी माती ऊन जास्त शोषते. भर दुपारी ती हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते, हे अनवाणी पायाला लगेच कळतं. म्हणजे इथं टिटवीला अंडी तापवायची नसतात, वाचवायची असतात.

म्हणून कडक उन्हात ती पुष्कळदा अंड्यांना टेकत नाही. पाय ताठ करून वर उभी राहते आणि स्वतःच्या अंगाची सावली धरते. चोच उघडी, गळा लपलपता. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात, त्यामुळे अंगातली बरीचशी उष्णता अशी तोंडावाटे बाहेर टाकावी लागते. नर-मादी पाळी बदलतात. सुटलेला पक्षी शेततळ्याकडे किंवा गुरांच्या टाक्याकडे जातो, काठाच्या पाण्यात पोट बुडवून पिसं चांगली भिजवतो आणि तसाच ओला येऊन अंड्यांवर बसतो. पाणी उडून जाताना उष्णता ओढून नेतं. माठाचंही तेच तंत्र. पाणी आटलं की या जोडीचं काम किती अवघड होत असेल!

घरटं म्हणावं असं काही नसतंच. मातीत उथळ खळगा, भोवती खडे, शेळीच्या चार लेंड्या. आत बहुधा चार अंडी, निमुळती टोकं मध्याकडे. मातकट रंगावर काळे डाग असे की दोन पावलांवरूनही ती ढेकळंच वाटतात. साधारण चार आठवड्यांनी पिल्लं निघतात आणि काही तासांतच चालू लागतात. आईबाप त्यांना भरवत नाहीत. किडे ती स्वतःच टिपतात. धोक्याची हाक आली की जिथं असतील तिथं मातीला चिकटतात.

टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस जोराचा, असं गावोगावी सांगतात. ऐकायला छान आहे, पण तिचा विणीचा काळ मार्च ते ऑगस्ट असा लांब, आणि गच्चीवरच्या गिट्टीतही तिनं अंडी घातल्याच्या नोंदी आहेत. ती पुढच्या पावसाचा हिशोब करत असेल असं मला वाटत नाही. मोकळी जागा आणि चौफेर नजर, एवढं तिला पुरतं.

ट्रॅक्टर घालण्याआधी खळगा शोधायचा असेल तर ओरडणाऱ्या टिटवीमागे जाऊ नका. माणूस दुरून दिसला की ती अंड्यांवरून गुपचूप उठते, चालत लांब जाते आणि तिथून कल्ला करते. त्यापेक्षा धुऱ्यावरच्या बाभळीखाली शांत बसा. थोड्या वेळानं ती थांबत थांबत परत येते. जिथं टेकेल तिथं लांबून खूण ठेवा आणि तेवढा तुकडा वखरायचा सोडा. उन्हं उतरल्यावर जा. भर दुपारी तिला अंड्यांवरून उठवू नका.