ॲटलासच्या खांद्यावर पृथ्वी? नाही हो, आकाश!

शाळेच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: "ग्रीक देव ॲटलासने पृथ्वी खांद्यावर पेलली, म्हणून नकाशांच्या पुस्तकाला ॲटलास म्हणतात." मीही कितीतरी वर्षं हेच धरून चाललो होतो, कारण चित्रं तशीच असतात ना.

पण मूळ गोष्टीत तो टायटन, म्हणजे ग्रीक कथांमधल्या जुन्या महाकाय देवांपैकी एक, देवांचा राजा झ्यूसविरुद्धच्या युद्धात हरला आणि शिक्षा मिळाली आकाश तोलून धरायची. आणि जरा विचार करा, पृथ्वी खांद्यावर घेतली तर पाय कुठे टेकवणार? पडताळायचं तर इटलीतल्या नेपल्सच्या म्युझियममधल्या ॲटलासच्या जुन्या संगमरवरी पुतळ्याचा फोटो झूम करून बघा, खांद्यावरच्या गोलावर खंड-देश काही नाहीत, बैल, मेंढा, जहाज कोरलंय, म्हणजे तारकासमूह! तो खगोल, म्हणजे आकाशाचा गोल आहे, पण गोल दिसला की आपल्याला पृथ्वीच वाटते, त्यात चूक कुणाची नाही.

मग पुस्तकाचं नाव? 1595 मध्ये छापलेल्या नकाशासंग्रहाला ते पहिल्यांदा दिलं गेलं, आणि नकाशाकाराने प्रस्तावनेत सांगितलेला ॲटलास हा टायटन नाहीच, उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन मॉरिटानियाचा दंतकथेतला विद्वान राजा, ज्याने म्हणे पहिला खगोल बनवला.

बाकी अटलांटिक महासागर, मोरोक्कोतले ॲटलास पर्वत, सगळीकडे हेच नाव. मला आवडतं ते मानेतलं, सगळ्यात वरच्या मणक्याला ॲटलास म्हणतात, अख्खी कवटी त्याच्यावर. आत्ता "हो हो" म्हणून मान हलवलीत ना, ती तिथेच हलली.