मांडवीतली बोट की हॉटेलातला हॉल? गोव्यातले दोन प्रकारचे कॅसिनो

कुडाळ-सावंतवाडीकडून किंवा रत्नागिरीहून गोव्याला निघालेल्या गटात कोणीतरी "एकदा कॅसिनो बघूया" म्हणतं, तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतात त्या पणजीच्या पुलावरून दिसणाऱ्या, रात्री झगमगणाऱ्या बोटी. मग मोबाइलवर स्वस्त पॅकेज सापडतं, पैसे भरले जातात, आणि दोनापावला नाहीतर बागा इथल्या एखाद्या हॉटेलाच्या दारात उभं राहिल्यावर प्रश्न पडतो, "बोट कुठाय?" उलटंही घडतं. तासभर नजर टाकून यायचं म्हणून गेलेली मंडळी बोटीवर चढतात आणि अर्धी रात्र तिथेच अडकतात. दोन्हीकडे पाटी कॅसिनोचीच असते. पण खर्च कसा होतो, खेळ कोणते मिळतात आणि बाहेर कधी पडता येतं, या तिन्ही बाबतींत ती दोन वेगळी प्रकरणं आहेत.

फरकाचं मूळ कायद्यात आहे. गोवा, दमण आणि दीवचा सार्वजनिक जुगार कायदा 1976 चा. त्यात 1992 मध्ये दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिनं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक खेळ, ठेवायला वाट मिळाली. पत्ते आणि चाक घेऊन माणसाने चालवायच्या टेबलांना 1996 च्या दुरुस्तीने परवानगी दिली, ती जहाजांवर. म्हणून जमिनीवर मुख्यतः टचस्क्रीनचे पडदे आणि मशिनं, आणि बोटीवर टेबलं. हॉटेलातही चाकाशेजारी किंवा पत्त्यांच्या टेबलामागे गणवेशातला माणूस दिसू शकतो, पण पैज बहुधा समोरच्या पडद्यावर बोट टेकवून लावायची असते. महाराष्ट्रात यातलं काहीच नाही. इथेही 1976 मध्ये कॅसिनोचा कायदा मंजूर झाला होता, पण तो कधी लागू झाला नाही आणि 2023 मध्ये रद्द करण्यात आला.

आणखी एक गोंधळ इथेच निस्तरलेला बरा. पणजीत सांता मोनिका जेटीवरून संध्याकाळी सुटणाऱ्या बोटी कॅसिनोच्या नव्हेत. ती तासाभराची नदीतली सफर असते, वर गाणी आणि गोव्याचे लोकनाच, जुगार नाही. आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर असतील तर तिकीट तिथलं काढा. कॅसिनोच्या बोटी मात्र कुठेही जात नाहीत. त्या मांडवीत नांगर टाकून उभ्या असतात आणि किनाऱ्यावरून छोट्या फीडर बोटीने त्यांच्यापर्यंत पोचायचं असतं. "समुद्रात फिरवून आणतील" या अपेक्षेने पैसे भरणारे बरेच असतात.

दारातच अडवतात ते कशावरून

वयाची अट 21 पूर्ण, आणि ती दोन्ही प्रकारांना लागू आहे. मूळ ओळखपत्र हवं: आधार, वाहन परवाना, मतदार कार्ड किंवा पासपोर्ट. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. गटातल्या एकाचंच कार्ड घरी राहिलं तर बाकीचे आत आणि तो जेटीवर, अशी पाळी येते, आणि आगाऊ भरलेले पैसे परत मिळतीलच असं नाही.

सिंधुदुर्गकरांसाठी यात एक खास मेख आहे. फेब्रुवारी 2020 पासून गोव्यातल्या स्थानिकांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे, प्रवेश पर्यटकांना. दोडामार्ग-बांद्याकडची कितीतरी मुलं नोकरीसाठी म्हापसा, पर्वरी, वेर्णा इथे राहतात आणि सोयीसाठी आधारवर गोव्याचा पत्ता टाकून घेतात. अशा कार्डावर "मी मूळचा सावंतवाडीचा" हे सांगणं काउंटरवर चालत नाही.

पुरुषांनी फुलपँट आणि बूट घालून जावं. हाफ चड्डी, बनियन, रबरी चपला यांवर बऱ्याच ठिकाणी हरकत घेतात. समुद्रावरून थेट कॅसिनोत जाण्याचा बेत बहुतेक वेळा इथेच फसतो. खेळाच्या मजल्यावर फोटो किंवा व्हिडिओ काढू देत नाहीत, बॅगा बाहेर ठेवायला लावतात.

बोटीवरची रात्र

बोटीचे पैसे माणशी आणि आधीच भरायचे. त्यात साधारणपणे प्रवेश, फीडर बोट, बुफे, पेयं, स्टेजवरचा कार्यक्रम आणि काही रकमेच्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी टेबलावर लावायच्या चकत्या, धरलेल्या असतात. शुक्रवार ते रविवार आणि सणासुदीला दर चढतो. टेबलावरची किमान पैजही त्या दिवसांत वाढवलेली असते, आणि खरा चिमटा तिथे बसतो. मधल्या वारी कमी पैशांत बसता येणारं टेबल शनिवारी रात्री मिळत नाही. शक्य असेल तर सोमवार ते गुरुवार जावं.

पॅकेजमधल्या चिप्स नीट समजून घ्या. त्या रोख पैशांत बदलून मिळत नाहीत, फक्त एकदा खेळायला असतात. पैज हरली तर चिप गेली. जिंकली तर जिंकलेली रक्कम खऱ्या चिप्समध्ये मिळते, आणि ती कॅशियरकडे बदलता येते. मूळ चिप बहुतेकदा टेबलावरच काढून घेतात. म्हणून "3,000 च्या पॅकेजात 2,000 च्या चिप्स, म्हणजे जेवण 1,000 ला पडलं" हा हिशेब चुकीचा. पावती घेताना तीन गोष्टी विचारा: चिप्स कोणत्या प्रकारच्या, त्या कोणत्या टेबलांवर चालतात, आणि बुफे किती वाजता बंद होतो. खेळात रमून जेवण हुकलेले लोक दर रात्री दिसतात. रस्त्यावरच्या एजंटाकडून किंवा व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवरून बुकिंग न करता दयानंद बांदोडकर मार्गावरच्या त्या-त्या कॅसिनोच्या काउंटरवर पैसे भरणं केव्हाही सुरक्षित.

आता भरती-ओहोटीचा भाग. किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे सांगायला नको, पण घाटावरच्या पाहुण्यांना सांगावं लागतं. ओहोटीला पाणी उतरतं तेव्हा जेटी आणि फीडर बोट यांच्यातली पायरी खोल होऊ शकते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला किंवा साडीत आणि उंच टाचांत आलेल्या बाईला ती अवघड जाते. नदीत उभ्या असलेल्या मोठ्या बोटीवर मळमळण्याइतकं सहसा हलत नाही. जो काही हेलकावा बसतो तो फीडर बोटीत. पावसाळ्यात वारा सुटला की फीडर उशिरा सुटते किंवा थांबते. मांडवीचं मुख त्या दिवसांत किती अवघड असतं ते जुलै 2017 मध्ये सगळ्यांनी पाहिलं: नदीत आणली जाणारी एक कॅसिनो बोट मिरामारच्या वाळूत रुतून बसली. नांगरलेल्या बोटींना हा धोका तसा नाही, तरी जून ते ऑगस्टमध्ये पहाटेची गाडी गाठायची असेल त्या रात्री बोट टाळलेली बरी.

कारण बोटीवरून "चला, निघूया" म्हटलं की लगेच निघता येत नाही. फीडर भरेपर्यंत किंवा पुढची येईपर्यंत थांबायचं, आणि त्या वीस-पंचवीस मिनिटांत माणूस परत टेबलाकडे वळतो. ठरवलेल्या रकमेपेक्षा जास्त जातं ते बहुतेक याच वेळात. निघायचं ठरलं की आधी चिप्स बदलून पैसे खिशात घाला, मग फीडरच्या रांगेत उभे राहा.

हॉटेलातला कॅसिनो

इथे सांगण्यासारखं थोडं आहे, आणि तीच त्याची चांगली बाजू. दार रस्त्यावर, गाडी आवारात, कंटाळा आला की पाच मिनिटांत बाहेर. प्रवेशाचा खर्च सहसा बोटीपेक्षा कमी, कार्यक्रम आणि बुफेचा थाटही कमी. गर्दी नसल्याने पहिल्यांदा आलेल्याला खेळ समजावून घ्यायला वेळ मिळतो. कॅसिनो म्हणजे नक्की काय एवढंच बघायचं असेल, किंवा गटातल्या दोघांनाच रस असेल, तर हेच निवडावं.

पण मशिनच्या वेगाकडे लक्ष हवं. लोक किमान पैज बघतात, वेग बघत नाहीत. रूलेट म्हणजे फिरत्या चाकाच्या कोणत्या खाचेत चेंडू पडेल यावर पैज. हिरवं शून्य एकच असलेल्या चाकात 37 खाचा असतात आणि कॅसिनोचा सरासरी वाटा लावलेल्या रकमेच्या 2.7 टक्के पडतो. शून्य दोन असतील तर 5.26 टक्के. म्हणून बसण्याआधी चाकावर हिरव्या खाचा मोजा. माणसाने फिरवलेलं चाक भरल्या टेबलावर तासाला साधारण 40 वेळा फिरतं. दर वेळी 100 रुपये लावले तर तासाला 4,000 ची उलाढाल आणि सरासरी 108 रुपयांचं नुकसान. तेच पडद्यावर तासाला 100 वेळा झालं तर 270 रुपये. स्लॉट मशिनवर बटण दाबणारा तासाला 500 डाव सहज करतो. डाव 20 रुपयांचा असला तरी उलाढाल 10,000 ची होते, आणि मशिनचा वाटा 8 टक्के धरला तर 800 रुपये जातात. "वीस-वीस रुपयांचं तर मशिन" हे म्हणणं असं महागात पडतं. शिवाय मशिनचा वाटा चाकासारखा डोळ्यांनी मोजता येत नाही.

बोटीवरच्या टेबलांचंही थोडक्यात. अंदर-बाहर म्हणजे उघड्या पानाच्या जोडीचं पान दोन बाजूंपैकी कुठे पडेल यावर पैज. त्यात ज्या बाजूला पहिलं पान पडतं ती बाजू 100 पैकी साधारण 51.5 वेळा जिंकते, म्हणून तिथे बहुधा 100 ला 90 रुपयेच देतात. कॅसिनोचा वाटा 2.15 टक्के. दुसऱ्या बाजूला 100 ला 100 मिळाले तरी वाटा 3 टक्के. बाकारा या पत्त्यांच्या खेळात प्लेअर आणि बँकर अशा दोन हातांपैकी कोणता जिंकेल यावर पैज असते. बँकरवरच्या पैजेत कॅसिनोचा वाटा 1.06 टक्के, बरोबरीवरच्या पैजेत 14 टक्क्यांच्या वर, आणि नवखा माणूस बक्षिसाच्या मोठ्या आकड्याला भुलून नेमका बरोबरीवरच लावतो. तीन पत्ती दिवाळीत घरी खेळतो तशी नसते. डाव डीलरविरुद्ध, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या कॅसिनोच्या माणसाविरुद्ध, असतो, त्यामुळे समोरच्याला हूल देऊन पळवण्याची आपली सगळी कला वाया.

कर, म्हणजे दोन्हीकडचा समान खड्डा

चिप्स विकत घेताना भरलेल्या पूर्ण रकमेवर जीएसटी लागतो. ऑक्टोबर 2023 पासून तो 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झाला. कर रकमेच्या पोटात धरला असेल तर 5,000 रुपये दिल्यावर सुमारे 3,571 च्या चिप्स आणि 1,429 कर. काही ठिकाणी कराचा काही भार कॅसिनो स्वतः उचलतो, तेव्हा नोटा देण्याआधी "पाच हजारांत हातात किती येणार?" हा एकच प्रश्न विचारा. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर त्यावर नवा जीएसटी नाही. पण घेतलेल्या चिप्स न खेळता परत केल्या तरी गेलेला कर परत येत नाही. म्हणून एकदम दहा हजारांच्या घेऊन ठेवू नका. थोड्या थोड्या घ्या. दुसऱ्यांदा काउंटरपर्यंत चालत जावं लागणं हाच एक लगाम.

जिंकलेल्या पैशांवर आयकर सरसकट 30 टक्के, त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 31.2. त्याच रात्री दुसऱ्या टेबलावर हरलेली रक्कम यातून वजा करता येत नाही. एका दिवसात एकाच माणसाकडून 2 लाख किंवा जास्त रोख घ्यायला कायद्याने मनाई आहे, आणि मोठ्या रकमेला पॅन कार्ड मागतात. कॅसिनोच्या नावाने येणाऱ्या "घरबसल्या खेळा" छाप अॅपमध्ये मात्र पैसे टाकू नका. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे.

जाणं आणि परतणं

रेल्वेने आलात तर पणजीसाठी करमळी जवळचं, बागा-कळंगुटकडच्या हॉटेलासाठी थिवी. उत्तरेकडून स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनी पर्वरीनंतर मांडवीवरच्या अटल सेतूवर चढताना पणजीचा फाटा सोडू नये, नाहीतर शहर खाली राहतं आणि गाडी पुढे जाते. दुचाकीला त्या पुलावर बंदी आहे, तिने जुन्या पुलाने यायचं. शनिवारी संध्याकाळी बांदोडकर मार्गावर गाडी लावायला जागा मिळणं कठीण, त्यापेक्षा गाडी मुक्कामाच्या ठिकाणी ठेवून टॅक्सीने या.

पेयं पॅकेजमध्ये असली की रात्री दोनला कोणीतरी "हळूहळू जाऊ घरी" म्हणतो. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅम आहे, आणि दोन पेगांत ती सहज ओलांडली जाते. पणजीतच खोली घ्या किंवा न पिणारा चालक आधी ठरवा. गोव्याची बाटली डिकीत असेल तर बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्कवाले ती जप्त करतात आणि गुन्हाही नोंदवतात, एकच होती हे सांगून सुटका होत नाही. आणि जिंकून परतणारे भाग्यवान असाल तर कॅशियरची पावती नोटांबरोबरच ठेवा. निवडणुकीच्या आचारसंहितेत 50,000 च्या वर रोख सापडली की तपासणी पथक आधी तिचा पुरावा मागतं.