टाटा हवाई टपालसेवा आणि पुस मॉथ विमान

कराची–अहमदाबाद–मुंबई–बेल्लारी–मद्रास या मार्गावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सुरू झालेली हवाई टपालसेवा. पुढे हिचीच एअर इंडिया झाली.

इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश विमानकंपनीची विमाने लंडनचे टपाल कराचीपर्यंत आणत. तिथून ते विमानानेच मुंबई-मद्रासला न्यावे, ही योजना वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी जे. आर. डी. टाटांपुढे मांडली आणि टाटा उद्योगसमूहाचे प्रमुख दोराबजी टाटांनी २ लाख रुपयांचे भांडवल मंजूर केले. सुरुवातीचा सारा पसारा दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक एवढाच होता.

दोन्ही विमाने डी हॅव्हिलँड कंपनीची पुस मॉथ. मॉथ म्हणजे पतंग हा कीटक. कंपनीचे संस्थापक जेफ्री डी हॅव्हिलँड यांना कीटकांचा नाद असल्याने त्यांनी ही नावे ठेवली. एकच एंजिन, वरच्या बाजूला बसवलेले पंख, पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेले कापड आणि बंदिस्त केबिन. ताशी १०० मैलांच्या आसपास चालणाऱ्या या विमानात रेडिओ नव्हता. वाट शोधायची ती नकाशा, होकायंत्र आणि खालची जमीन पाहून.

पहिल्या दिवशी जे. आर. डी. कराचीच्या द्रिघ रोड तळावरून एकटेच निघाले. बरोबर सुमारे २५ किलो टपाल होते. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी ते जुहूला उतरले. पुढचा मद्रासचा टप्पा व्हिन्सेंट यांनी उडवला.

जुहूचा तळ म्हणजे समुद्रालगतची चिखलवट. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई, तेव्हा विमाने आणि माणसे असा सगळा संसार पुण्याला हलवून येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावरून उड्डाणे होत. या सेवेचे खरे मोठेपण इथे दिसते: धावपट्टी आणि दिशादर्शक यंत्रणा मिळेपर्यंत न थांबता, आहे त्या साधनांत टपाल वेळेवर पोचवण्याची शिस्त तिने लावून घेतली.

१९३५ मध्ये मुंबईहून गोवा, कण्णूरमार्गे त्रिवेंद्रमची सेवा सुरू झाली. १९३८ मध्ये टाटा एअरलाइन्स हे नाव पडले, १९४६ मध्ये एअर इंडिया. सेवेच्या पन्नाशीला, १९८२ मध्ये, ७८ वर्षांच्या जे. आर. डीं.नी कराची ते जुहू हे उड्डाण पुन्हा केले. या वेळी विमान होते पुस मॉथचेच भावंड, लेपर्ड मॉथ.