पोलिओचा दुसरा प्रकार आणि ‘निर्मूलन’ या शब्दाचा गुंता

1796 मध्ये गायीच्या देवीच्या फोडातला द्रव एका मुलाला टोचला गेला, तिथून लसीकरणाची वाट सुरू झाली. देवीचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण 1977 मध्ये सोमालियात आढळला आणि 1980 मध्ये रोग संपल्याची घोषणा झाली. या यशाने ‘निर्मूलन’ या शब्दाला मोठे वजन आले. पण देवीचा विषाणू माणसाखेरीज कोणात राहत नव्हता, पुरळ पाहून रुग्ण ओळखता येत होता आणि लस उष्णतेत टिकत होती. पीतज्वराची मोहीम त्याआधीच अडली होती, कारण तो विषाणू जंगलातल्या माकडांमध्ये टिकून राहतो.

पोलिओ हाही माणसातच राहणारा रोग. मात्र संसर्ग झालेल्या साधारण 200 जणांपैकी एकालाच पक्षाघात होतो, बाकीचे नकळत विषाणू पसरवत राहतात. 1988 मध्ये 2000 सालापर्यंत पोलिओ संपवण्याचा ठराव झाला, तेव्हा वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुले पांगळी होत होती. तोंडात थेंब टाकायची लस स्वस्त होती, कोणताही स्वयंसेवक ती देऊ शकत होता, आणि तिच्यामुळे आतड्यातही प्रतिकारशक्ती तयार होत होती. संख्या झपाट्याने खाली आली ती तिच्यामुळेच, हे विसरता कामा नये.

या लसीत जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो मुलाच्या आतड्यात वाढतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. वस्तीत पुरेशी मुले लस घेतलेली नसतील, तर तो एकाकडून दुसऱ्याकडे जात महिनोन्‌महिने फिरतो, बदलतो आणि पुन्हा पांगळे करण्याची ताकद मिळवतो. पोलिओचे तीन प्रकार आहेत. लसीपासून उद्भवलेल्या अशा साथींत बहुतांश वाटा दुसऱ्या प्रकाराचा होता.

इथे शब्दाचा घोळ होतो. दुसऱ्या प्रकाराचा रानटी, म्हणजे लसीतून न आलेला मूळ विषाणू 1999 नंतर नैसर्गिकरीत्या सापडला नव्हता. 2015 मध्ये त्याचे निर्मूलन झाल्याचे प्रमाणित झाले. ते प्रमाणपत्र रानटी विषाणूपुरतेच होते. लसीतून आलेला त्याच प्रकाराचा विषाणू तेव्हाही काही ठिकाणी फिरत होता. पक्षाघात झालेल्या मुलाच्या आईला या दोन विषाणूंत काय फरक?

तरीही एप्रिल 2016 मध्ये, दोन आठवड्यांच्या आत, 155 देश व प्रदेशांनी तीन प्रकारांची लस थांबवून दुसरा प्रकार वगळलेली लस सुरू केली. तर्क चुकीचा नव्हता: रानटी विषाणूच उरला नसेल तर त्याच्यासाठी लसीचा धोका का पत्करायचा? पण आधी फिरता लसजन्य विषाणू थांबवायचा होता आणि दुसऱ्या प्रकारापासूनही संरक्षण देणाऱ्या, टोचायच्या लसीचा साठा पुरेसा हवा होता. पहिले काम पूर्ण झाले नाही आणि टोचायच्या लसीची जगभर टंचाई होती. शिवाय टोचायची लस त्या मुलाला पक्षाघातापासून वाचवते, पण आतड्यातला प्रसार फारसा रोखत नाही. पुढची काही वर्षे दुसऱ्या प्रकाराच्या साथी आफ्रिकेत आणि इतरत्र वाढत गेल्या. साथ आटोक्यात आणायला जुन्याच दुसऱ्या प्रकाराचे थेंब द्यावे लागले, आणि त्यातून नव्या साखळ्या सुरू झाल्या. माझ्या मते निर्णयापेक्षा घाई जास्त दोषी होती. तारीख ठरली होती, आणि जमिनीवरची तयारी पाहून ती पुढे ढकलायला हवी होती.

2021 च्या मार्चपासून दुसऱ्या प्रकाराची नवी, जनुकीय बदलांनी अधिक स्थिर केलेली थेंबांची लस वापरात आली. तिचा विषाणू मूळ रूपाकडे सहजी परतत नाही, पण लसीकरण अपुरे असेल तर तोही फिरू शकतो. तिसऱ्या प्रकाराचा रानटी विषाणू 2019 मध्ये संपल्याचे जाहीर झाले. पहिल्या प्रकाराचा रानटी विषाणू अफगाणिस्तान आणि पाकिस्तानात टिकून आहे. तो संपल्यावर थेंबांची लस सर्वत्र थांबवायची योजना आहे, म्हणजे 2016 चा प्रश्न थेंबांच्या लसीत उरलेल्या पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारासाठी पुन्हा उभा राहणार आहे.