जेजे नावामागचे जमशेटजी: जहाजं, अफू आणि मुंबई

मुंबईत जेजे म्हटलं की हॉस्पिटल आठवतं, आर्ट स्कूल आठवतं, पण सर जमशेटजी जीजीभॉय मुळात जहाजांवर माल चढवणारे व्यापारी होते हे फारसं कोणी बोलत नाही, आणि तो माल काय होता हे तर त्याहून कमी.

जन्म १७८३ चा. आईवडील लवकर गेले, मग मामाच्या रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यात हाताखाली काम आणि ऐन पोरवयात थेट चीनची सफर. पुढे १८०५ मध्ये ते ज्या ब्रन्स्विक जहाजावर होते ते फ्रेंचांनी सिलोनजवळ (आजची श्रीलंका) पकडलं, माल गेला आणि यांना नेऊन टाकलं पार आफ्रिकेच्या टोकाला. पण त्याच जहाजावर डॉक्टर म्हणून विल्यम जार्डीन होता, आणि पुढे तोच चीनच्या व्यापारातला बडा माणूस झाला, त्यामुळे ही ओळख जमशेटजींना आयुष्यभर पुरली. मोतीचंद अमीचंद आणि महंमद अली रोगे यांच्यासोबत भागीदारी, स्वतःची जहाजं, आणि मुंबईहून चीनमधल्या कँटन बंदराला जाणारा कापूस आणि माळव्याची अफू. चीनमध्ये अफूवर बंदी होती तरी माल जातच होता. मला वाटतं हे स्पष्ट लिहायलाच हवं, कारण नंतरच्या दानधर्मातला मोठा पैसा इथूनच आला.

आता दुसरी बाजू. माहीम आणि वांद्र्याच्या मध्ये तेव्हा खाडी, जायचं तर होडीनेच, पावसाळ्यात होड्या उलटून माणसं बुडायची आणि कंपनी सरकार पूल बांधायला पैसे द्यायला तयार नव्हतं. शेवटी जमशेटजींच्या पत्नी आवाबाईंनी १,५७,००० रुपये दिले आणि अट घातली की लोकांकडून टोल घ्यायचा नाही, मग १८४५ मध्ये माहीम कॉजवे सुरू झाला. या टोलच्या अटीसाठी आवाबाईंचं नाव आजही घ्यायला हवं असं मनापासून वाटतं. जेजे हॉस्पिटलही त्याच वर्षी सुरू झालं, त्यासाठी जमशेटजींनी एक लाख दिले होते. गुरं चारायला सरकारने फी लावली तेव्हा गरिबांची गुरं फुकट चरावीत म्हणून त्यांनी ठाकूरद्वारजवळ जमीनच विकत घेतली.

१८३४ मध्ये मुंबईचे दानशूर व्यापारी नाना शंकरशेट यांच्यासोबत जमशेटजीही जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे मानद दंडाधिकारी झाले, तोवर हा मान भारतीय माणसाला मिळत नव्हता. १८४२ मध्ये नाइट, १८५७ मध्ये बॅरोनेट (वंशपरंपरेने चालणारा ब्रिटिश किताब), दोन्ही किताब मिळवणारे पहिले भारतीय. आर्ट स्कूलही १८५७ चंच, त्यांच्याच देणगीतून. १८५९ मध्ये ते गेले.