सार्वजनिक जमिनींची स्वयंसेवी राखण

सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीची जंगले, उद्याने, गवताळ माळ, किनारे आणि पाणवठे नागरिकांनी वेतन न घेता, पण मालक-यंत्रणेच्या संमतीने आणि सातत्याने सांभाळणे म्हणजे स्वयंसेवी राखण. या व्याख्येत ‘सातत्याने’ हा शब्द कळीचा आहे. एका रविवारी हजार माणसांनी किनारा झाडून काढला तर ती मोहीम झाली. पाचच माणसे वर्षानुवर्षे त्याच किनाऱ्यावर येत राहिली, तर ती राखण. राखणदाराला मालकी मिळत नाही आणि उत्पन्नात वाटाही नसतो. उपजीविकेच्या हक्कांवर उभ्या असलेल्या सामूहिक वनव्यवस्थापनापासून ती इथे वेगळी पडते.

अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन पायवाट हे तिचे ठळक उदाहरण. वनतज्ज्ञ बेंटन मॅकाय यांनी १९२१ मध्ये कल्पना मांडली, १९२५ मध्ये संघटना स्थापन झाली आणि १९३७ मध्ये वाट सलग जोडली गेली. जॉर्जियापासून मेनपर्यंत १४ राज्यांतून जाणारी ही सुमारे ३,५०० किलोमीटरची वाट भटक्यांच्या मंडळांनी आपापसांत तुकडे वाटून घेऊन राखली आहे. वाटेचा खरा वैरी पाणी. उतारावरची मळलेली वाट पावसात ओहोळ होते आणि माती धुऊन जाते. म्हणून वाटेवर तिरके दगड किंवा ओंडके पुरून पाणी कडेला काढतात आणि त्यामागे साचलेला गाळ-पाला पुन्हा पुन्हा उपसतात. १९६४ च्या कायद्याने संरक्षित केलेल्या रानांत यांत्रिक करवत सहसा चालत नाही. तिथे आडवे पडलेले झाड दोघांनी दोन टोकांना धरून ओढायच्या लांब करवतीनेच कापावे लागते.

अशा कामाला कायद्याचा आधारही लागतो. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांसाठी १९७० मध्ये, तर राष्ट्रीय वनांसाठी १९७२ मध्ये स्वयंसेवकांबाबतचे कायदे लागू झाले. त्यांनुसार स्वयंसेवक सरकारी नोकर ठरत नाही. मात्र काम करताना इजा झाली तर भरपाईपुरता त्याला नोकर मानले जाते. फुकटचे श्रम फुकट पडत नाहीत, हे अंदाजपत्रक आखणारे अनेकदा विसरतात. प्रशिक्षण, अवजारे आणि देखरेख करणारा पगारी माणूस यांवर खर्च होतोच. पगारी जागा कमी करून त्या स्वयंसेवकांच्या जिवावर भरून काढायच्या, ही या प्रथेची सर्वांत वाईट बाजू.

उत्साहाइतकाच संयमही लागतो, हे सिडनीच्या मॉसमन भागातील जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी दाखवून दिले. १९६० च्या दशकात घराजवळच्या रानात त्यांच्या लक्षात आले की तण सरसकट उपटून जमीन मोकळी केली की तिथे पुन्हा तणच आधी येते. म्हणून त्यांनी तीन पथ्ये ठरवली. जिथे रान धडधाकट आहे तिथून सुरुवात करून बिघडलेल्या भागाकडे सरकायचे. माती शक्य तितकी कमी हलवायची, उपटताना दूर केलेला पालापाचोळा परत पसरायचा. आणि देशी रोपे मोकळी जागा ज्या वेगाने भरतील त्याच वेगाने पुढचे तण काढायचे. सर्वांत दाट तणावर आधी तुटून पडण्याचा मोह स्वाभाविक असतो. ही पद्धत नेमकी तोच मोह आवरायला सांगते, म्हणून नवख्यांना ती कंटाळवाणी वाटते.

याच्या उलट, जिथे मूळचे रान जवळपास उरलेलेच नाही तिथे लागवडीला पर्याय नसतो. न्यूझीलंडमधील तिरितिरी मातांगी हे सुमारे २२० हेक्टरांचे बेट शेतीसाठी उघडे केले गेले होते. १९८४ ते १९९४ या काळात स्वयंसेवकांनी तिथे अडीच लाखांच्या आसपास झाडे लावली. काही राखण तर हाताला माती न लावताच होते: १९०० च्या नाताळात २७ निरीक्षकांनी सुरू केलेली उत्तर अमेरिकेतील पक्षिगणना आजही दरवर्षी होते.

मतभेद मात्र टळत नाहीत. शिकागो परिसरातील वनक्षेत्रांत १९७७ पासून स्वयंसेवक जुना गवताळ प्रदेश आणि विरळ ओकवने परत आणू पाहत होते. त्यासाठी झुडपे तोडणे, तणनाशक लावणे आणि नियंत्रित आग घालणे ही त्यांची नेहमीची कामे. शेजारच्या काही रहिवाशांना ही सरळसरळ वृक्षतोड वाटली. आम्हाला कुणी विचारले, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. जमीन त्यांचीही होतीच. १९९६ मध्ये शिकागो ज्यात येते त्या कुक परगण्याच्या प्रशासनाने पुनरुज्जीवनाची कामे थांबवली. पुढे ही बंदी टप्प्याटप्प्याने उठली.