सागाला वाळवी लागत नाही?

‘सागवान आहे, वाळवी तोंड लावणार नाही.’ दाराची चौकट घेताना हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी लोकांचे पैसे वाया जातात.

सागाचा ओंडका आडवा कापलेला पाहा. सालीच्या आत फिकट पिवळट कडं दिसतं, ते रसकाष्ठ. त्याच्या आत सोनेरी-तपकिरी गाभा. मुळांनी शोषलेलं पाणी पानांपर्यंत नेतं ते रसकाष्ठ. त्यात जिवंत पेशी असतात आणि त्यांत साठवलेलं पिष्ट (स्टार्च) आणि साखर असते, म्हणजे किडीला आयतं अन्न. आतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांत टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं साठतात. वाळवी दूर राहते ती त्यांच्यामुळे. म्हणजे सागाचा टिकाऊपणा झाडाच्या मेलेल्या भागात आहे! खैराचा कात आणि चंदनाचा सुवासही गाभ्यातलाच.

सागाचं रसकाष्ठ मात्र वाळवी खाते, भुंगेरे पोखरतात. कोवळ्या झाडात या पांढऱ्या भागाचं प्रमाण जास्त, म्हणून लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागाची फळी नीट निरखूनच घ्यावी. पॉलिशचा रंग चढल्यावर फरक ओळखता येत नाही.

पांढरं लाकूड कच्चं असतं, हा समजही चुकीचा. वाळल्यावर त्याची ताकद गाभ्याच्या जवळपासच असते. कमी पडतं ते टिकण्यात. शिवाय कीडरोधक औषध ते गाभ्यापेक्षा चांगलं शोषून घेतं, त्यामुळे औषध मुरवलेली पांढरी पट्टी कोरड्या जागी बिनधास्त वापरा. जमिनीला टेकणाऱ्या चौकटीसाठी मात्र गाभाच मागा.